परतीची खोकी

मंगळवारी खोकी परत येतात.
सीमेपलीकडून, घाट उतरून, किसुत्सा नदीच्या काठाकाठानं.
ताडपत्रीच्या घडीत अजून थोडा बर्फ असतो.
भरून गेलेली, रिकामी आलेली.
हेडविगा एकेक कप्पा उघडते
आणि आतल्या कापडावरून उलटा हात फिरवते.

उलटाच. तळहाताला घट्टे आहेत,
त्यांना मऊपणातली खोट कळत नाही.

हे कापड कुणी विणलेलं नाही.
याला उभा धागा नाही, आडवा नाही,
नुसते तंतू एकमेकांत गुंतून दाबले गेलेले
आणि तापल्या रुळाखालून जाताना
पोकळ नळ्यांच्या प्लास्टिकला कायमचे चिकटलेले.
आतून कणा, वरून लव.

रुस्नाक नव्या पोरींना सांगतो:
रंगवलेल्या भागाला उघडं प्लास्टिक लागलं की चरा,
चरा पडला की भाग परत,
भाग परत आला की मी तुमच्याकडे.
अंगठ्या काढा. घड्याळं काढा.
हेडविगाची अंगठी निघाली नव्हती,
साबण लावून, दोरा गुंडाळून पाहिला,
सांधा सुजलेला. शेवटी तिनं वरून पट्टी बांधली.
बारा वर्षं. पट्टी रोज नवी.

कप्प्यात काय जातं ते तिनं कधी पाहिलं नाही.
भाग दुसऱ्या इमारतीत भरतात.
तिला फक्त त्याची जागा माहीत:
इथे वळण, इथे कानासारखं काहीतरी, इथे जरा पोट.
दाराची मूठ असेल, किंवा आरशाची पाठ.
त्याला जे ओरखडे पडले नाहीत
ते सगळे हिच्या वहीत आहेत.
चार नंबर, लव घासली.
सात, कोपरा सुटला.
अकरा, कॉफी.
एकदा सूर्यफुलाच्या बियांची टरफलं निघाली.
एकदा एक लांब तांबूस केस.
तो तिनं फुंकून टाकला नाही, उगाच
खिडकीच्या खिट्टीला गुंडाळून ठेवला.

तळहातावरच्या फोडासारखं जपायचं म्हणतात, ते हेच.
फक्त फोड हिचा,
जपणं दुसऱ्याच कशाचं.

ऑक्टोबरात पत्र आलं. शालजोडीतलं.
आपल्या दीर्घ सहकार्याबद्दल, वगैरे.
ते मॉडेल बंद. नव्या गाडीची वळणं वेगळी.
कप्प्यांचा चुरा करायचं ठरलं होतं,
पण कापडानं प्लास्टिकला असं धरलेलं
की वेगळं होईना, आणि दोन्ही मिळून कुणाला नको.
रुस्नाक वैतागून म्हणाला, न्या, हवं त्यानं न्या.

तिनं एक खोकं सायकलला बांधून नेलं.

घरी त्यात ठेवण्यासारखं काय होतं?
बश्या बसेनात.
नवऱ्याचा अकॉर्डियन अर्धा बाहेर.
काचेचा सुरईवजा चंबू, लग्नातला,
तिरपा होऊन दाराकडे बघत राहिला.
तो आकार एकाच वस्तूचा होता
आणि ती वस्तू आता कुणी बनवत नव्हतं.

मग तळघरात, सफरचंदं.
कप्प्याला एक. वळणात एक,
कानासारख्या जागी एक छोटं, आंबट जातीचं.
कुणाचा कुणाला धक्का नाही.

फेब्रुवारीत एक सडलं.
काळं पडून लवेत रुतून बसलेलं.
शेजारची दोन्ही तशीच, लाल, गार,
त्यांना या कशाचा पत्ता नाही.
तिनं सडकं उचललं, पलीकडचं हातात घेतलं,
आणि अंगठी सालीला लागली.
पट्टी बांधायचं आता कारण नव्हतं ना.
बारीक, पांढरी रेघ उमटली.
ती रेघेकडे बराच वेळ बघत होती,
दिवा हलत होता.

कापडावर तपकिरी गोल राहिला होता.
वही नव्हती. पेन्सिल नव्हती.
तरी ती मोठ्यानं म्हणाली, वर कुणी ऐकत नसताना:
नऊ नंबर, डाग.
चालेल.